वर केलेला हात

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा, पेंटर फौजींचं घर कुठलं? ज्या घराला पाटी नाही ते, असं उत्तर मिळेल. लोकांना यात फार गंमत वाटते. घर माझं नसतं तर मलाही वाटली असती. बांधकाम झालं तेव्हा मी दाराशेजारी पाटीपुरती जागा मोकळी सोडली होती. ‘सुभेदार’ हा शब्द नीट बसला पाहिजे म्हणून जरा रुंदच सोडली. ती अजून मोकळी आहे आणि तिथे हल्ली पाल बसते.

मी पंडित रुपचंद महाले. तोफखान्यात चोवीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालो. तोफ किती वेळा डागली असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. तोफ किती वेळा रंगवली असं विचारलं तर मात्र खुर्ची ओढून बसतो. लष्करी हिरव्या रंगात टर्पेंटाइन जास्त झालं की उन्हात कसा चट्टा पडतो, यावर मी न थांबता बोलू शकतो. शत्रूचं या ज्ञानानं काही वाकडं झाल्याचं ऐकिवात नाही.

आमचे वडील पारोळ्यात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, निवडणुकीतल्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. अक्षरओळख व्हायच्या आधीच मी अक्षरं रंगवायला लागलो होतो. पुढे फ्लेक्सची मशिनं आली आणि वडिलांचे डबे कोरडे पडायला लागले. जळगावला भरती निघाली तेव्हा त्यांनीच मला धाडलं. निघताना म्हणाले, “तठे तरी तुले ब्रश धरना पडाव नही.” सैन्याबद्दल माझ्या वडिलांना जे काही माहीत होतं ते एवढंच होतं, आणि तेही चुकीचं होतं.

नाशिकचं प्रशिक्षण मी चांगलं केलं. तोफेवर प्रत्येकाची जागा ठरलेली असते, कुणी गोळा भरायचा, कुणी नळीचा कोन लावायचा. मला कोन लावायचं काम फार आवडायचं. डोळा बरा होता आणि हात थरथरत नव्हता. पहिल्या रेजिमेंटमध्ये गेलो तेव्हा माझ्याच तोफेवर कौतिक होता, धुळ्याच्या देवपूरचा. आम्ही एकाच भरतीतले. दोघांनी ठरवून टाकलं होतं की एक दिवस एकेका तोफेचा ताबा घ्यायचा. तोफेचा प्रमुख म्हणजे हवालदार, हाताखाली माणसं आणि पुढे सुभेदारीची वाट सरळ.

मग एका मोठ्या साहेबांची भेट ठरली. रेजिमेंटचा पेंटर नेमका सुट्टीवर. सकाळच्या रांगेत सुभेदारसाहेबांनी विचारलं, पेंटिंग कुणाला येतं? ज्यांना थोडीफार अक्कल होती त्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मी हात वर केला. शेजारी उभ्या कौतिकनं माझं कोपर धरून खाली ओढलं. मला वाटलं, गडी शाबासकी देतोय. मी हात आणखी उंच केला.

तो हात पुढे निवृत्तीपर्यंत खाली आला नाही म्हणा ना.

दोन दिवसांचं काम म्हणून मी रंगाच्या खोलीत गेलो आणि तिथलाच झालो. दगडांना गेरू-चुना, दारांवर नावं, खड्ड्याशेजारी ‘सावधान’, मेसमध्ये ‘अन्न वाया घालवू नका’. कमांडिंग ऑफिसरांच्या नावांचा मोठा फलक असतो, त्यात नवं नाव घालायचं ते मीच. बढतीसाठी एक वर्ग असतो, त्याला आमच्याकडे काडर म्हणतात. तो केल्याशिवाय पुढची फीत लागत नाही. काडर जवळ आलं की तपासणीही जवळ यायची आणि तपासणी आली की मी लागायचो. पुढच्या वेळी नक्की, असं मला सगळ्याच साहेबांनी सांगितलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं, फक्त पुढच्या वेळी ते साहेबच बदलून गेलेले असायचे. जाताना त्यांच्या निरोपाची फ्रेम लिहायला मी होतोच.

बदली झाली की मला आशा वाटायची. नवी जागा, कुणी ओळखत नाही, आता तोफेवर घेतील. ट्रंक उतरवायच्या आत कुणीतरी विचारायचं, तूच तो पेंटर ना? माझी कीर्ती माझ्या आधीच्या गाडीनं जायची.

कौतिकचं बरं चाललं होतं. माझी बदली कुठेही असो, प्रत्येक बढतीला तो आपली पाटी घेऊन माझ्या खोलीत यायचा. मी जुना हुद्दा खरवडून नवा लिहायचो. नायक. हवालदार. नायब सुभेदार. सुभेदार. दरवेळी तो पेढा द्यायचा आणि माझ्याकडे बघायचं टाळायचा. मीही ‘सुभेदार’ हा शब्द इतक्या जणांसाठी इतका सुंदर लिहिला की स्वतःसाठी लिहिताना हात अडणार नाही याची मला खात्री होती. ती वेळच आली नाही. हवालदारकी मिळाली, तीही उशिरा. नायब सुभेदारीला मात्र माणसं हाताखाली घेऊन काम केल्याचे अहवाल लागतात. माझे अहवाल उत्तम होते. एका सज्जन साहेबांनी मला ते समजावून सांगितलं. तुझ्याबद्दल सगळ्यांनी चांगलंच लिहिलंय, म्हणाले, पण सगळ्यांनी तू पेंटर चांगला आहेस एवढंच लिहिलंय. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग त्यांनी मुलीच्या सायकलवर नाव घालून मागितलं.

मला याचा राग येतो. निवृत्त झाल्यावर तो कमी होईल असं वाटलं होतं, तो आता जेवताना येतो. माझी बायको मोहिनी तेव्हा एवढंच म्हणते की भाजी निवतेय.

निवृत्तीनंतर जळगावातल्या एका डाळ मिलमध्ये मला सुरक्षा सुपरवायझर म्हणून घेतलं. मालकांना तोफखान्याचा माणूस मिळाल्याचा फार आनंद झाला. महिनाभरात त्यांना कळलं की मला लिहिता येतं. आता मिलच्या भिंतीवर ‘येथे थुंकू नये’पासून ‘वाहने सावकाश हाका’पर्यंत सगळं माझं आहे. गेटवर दुसरा माणूस ठेवलाय.

हे सगळं विसरून मी बरा चाललो असतो, पण मयुरी निघाली माझ्या वळणाची. माझी एकुलती एक पोरगी. रुपचंद पेंटरांचा हात माझ्यात आला तसा तिच्यात उतरला, फक्त तिनं ब्रश न धरता रांगोळी धरली. चिमटीतून रेघ सोडायची ती अशी की वाटावं दोरा अंथरलाय. कॉलनीतल्या गणपतीपुढची रांगोळी तिचीच असायची. आणि या पोरीनं बारावीनंतर सांगितलं की तिला सैन्यात जायचंय.

ती अग्निवीर म्हणून मिलिटरी पोलिसात निवडली गेली. चार वर्षांची नोकरी. त्यानंतर चौघांतल्या फार तर एकाला कायम ठेवतात, बाकीचे घरी. कुणाला ठेवायचं ते या चार वर्षांत त्यानं कुठलं काम कसं केलं यावर ठरतं. मला तर चोवीस वर्षं मिळाली होती. तिला चारच होती, आणि त्यातलं एक जरी रांगोळीत गेलं तर संपलं.

मग मी जे केलं ते ऐकून लोक माझ्याकडे बघून हसतात, आणि खुशाल हसावं. मी तिला अक्षर बिघडवायला शिकवलं. जाण्याआधी रोज संध्याकाळी आम्ही बापलेक वही घेऊन बसायचो आणि मी सांगायचो, ‘क’चं शेपूट लोंबू दे, ओळ तिरकी जाऊ दे. तिचं अक्षर बिघडता बिघडत नव्हतं. वाकडं काढलं तरी वाकडेपणात एक वळण यायचं. शेवटी मी डाव्या हातानं लिहायला लावलं. त्या वर्षीच्या दिवाळीत मी अंगणात रांगोळी काढू दिली नाही, उगाच फोटो निघायचा आणि फिरत फिरत कुणा साहेबाच्या फोनवर जायचा. ज्या घरात असे दोन हात, त्या घराच्या उंबऱ्यापुढे बाजारातलं स्टिकर चिकटवलेलं होतं. मोहिनी भाऊबीजेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

निरोप देताना मी मयुरीला एकच गोष्ट सांगितली. कुणी काहीही विचारलं, तरी हात वर करायचा नाही, बुटाकडे बघायचं.

पोरगी शब्दाला जागली. फोन आला की मी आधी तेच विचारायचो. विचारलं होतं पप्पा, बुटाकडे बघितलं, असं ती सांगायची. तिला मोटारसायकलवर घेतलं. मोठ्या साहेबांच्या गाडीपुढे जो मोटारसायकलवाला असतो, त्याला पायलट म्हणतात. वेग एकसारखा, नजर समोर, गाडीपासूनचं अंतर कमी होत नाही की वाढत नाही. ती राखीव रायडर झाली आणि मग मुख्य. मी मिलच्या भिंतीवर लिहिता लिहिता मध्येच थांबून हे कुणालाही सांगायचो.

यंदा तिचं शेवटचं वर्ष सुरू होणार होतं आणि जानेवारीत धुळ्याला माजी सैनिकांचा मेळावा ठरला. मेळावा भरवणारा कौतिकच, आता देवपुरात सगळे त्याला नाना म्हणतात. पाहुणे म्हणून एक जनरलसाहेब येणार होते, आणि बंदोबस्ताला आलेल्या तुकडीत मयुरी होती. विश्रामगृहापासून पांझरेच्या पुलावरून देवपूरच्या मैदानापर्यंत जनरलसाहेबांच्या गाडीपुढे तीच असणार होती. इतक्या मोठ्या साहेबांची पायलट ती पहिल्यांदाच होणार होती. तिच्या मेजर मॅडमही हजर राहणार होत्या, आणि वर्षाचा अहवाल त्याच लिहिणार होत्या.

माझंही तिथे काम होतं. जनरलसाहेब येण्याआधी माजी सैनिकांनी माइकवर आपापल्या सूचना मांडायचा कार्यक्रम होता आणि कौतिकच्या मागे लागून मी त्यात माझं नाव घालून घेतलं होतं. सूचना पाठ होती. माणसाला जे येतं ते त्याच्याकडून करून घ्या, नाही कोण म्हणतंय. पण तो ज्यासाठी भरती झाला तेही त्याला आलटूनपालटून द्या, आणि ते दिलंच नसेल तर बढतीच्या वेळी त्याचा हिशेब त्याच्याकडे मागू नका, ज्यानं नेमणूक केली त्याच्याकडे मागा. मोहिनीला मी हे इतक्यांदा ऐकवलं होतं की ती पोळ्या लाटताना पुढचं वाक्य सांगायची.

सकाळी आम्ही लवकरच मैदानावर गेलो. मी ब्लेझर घातला होता आणि त्यावर पदकं. मोहिनीनं मयुरीसाठी ज्वारीच्या पापडांचा, आमच्याकडच्या बिबड्यांचा डबा आणला होता. मयुरी मोटारसायकलजवळ उभी होती, गणवेश कडक, आईला फक्त डोळ्यांनी हसली. मेजर मॅडम सांगलीकडच्या निघाल्या, मराठी बोलणाऱ्या. मोहिनीला तेवढंच हवं होतं.

मंडपाच्या दारात कौतिक फोनवर कुणालातरी विनवत होता. जनरलसाहेबांची गाडी थांबणार तिथे मोठी रांगोळी ठरली होती आणि काढणाऱ्या बाईंना ताप भरला होता. रंगांची पोती तशीच पडलेली. मॅडम म्हणाल्या, रांगोळी नसली तर काय बिघडतं? त्यावर माझ्या बायकोनं, जी इतकी वर्षं मन मारून गप्प बसली होती, हसत हसत सांगितलं की नसायला काय झालं, तुमच्या मयुरीइतकी रांगोळी साऱ्या जळगावात कुणाला येत नाही. वर फोन काढून गणपतीपुढची रांगोळी दाखवली. मी डोळे मिटले.

मॅडम फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की राखीव रायडर आहेच, आजच्या दिवस तिला मोटारसायकल देता येईल. त्या अगदी सहज बोलल्या. माझ्या वेळचे साहेबही असंच सहज बोलायचे. मोहिनीच्या तोंडावरचं हसू उतरलं, तिला तेव्हा कळलं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण फौजेतली सवय, साहेब बोलत असताना माझी जीभ टाळूला चिकटते.

मॅडमनी मयुरीला बोलावून विचारलं, रांगोळी येते का तुला?

मी मनात म्हणालो, बुटाकडे बघ. मयुरीनं बुटाकडे बघितलं नाही.

“येते मॅडम,” ती म्हणाली. “पण पायलटचा सराव मी केलाय. मोटारसायकल माझ्याकडेच ठेवा. रांगोळी पप्पा काढतील, ते माझ्यापेक्षा चांगली काढतात.”

एवढं साधं वाक्य. येतं, पण मला माझं काम द्या. चोवीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मला दोनच गोष्टी माहीत होत्या, हात वर करणं आणि बुटाकडे बघणं. पोरीला मी दुसरी शिकवून पाठवली, आणि तिसरी तिनं आपल्या मनानं काढली. वर बापाला कामाला लावलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ब्लेझर, पदकं, पांढऱ्या मिशा. मला अवघडल्यासारखं झालं. कौतिक कानाशी येऊन म्हणाला, “पंडित, तुनी सूचना ऱ्हाई जाई. गाडी येवाले वेळ थोडा शे.”

मी हात वर केला. खरंच केला, सवयीनं. मग ब्लेझर काढून मोहिनीकडे दिला आणि खाली बसलो.

रांगोळीत तोफ काढायचं मी आधी ठरवलं नव्हतं. हातानं आपणच काढायला घेतली. चाकं, ढाल, लांब नळी. गुडघे करकरत होते, कंबर जाग्यावर नव्हती, पण चिमूट चालली होती. नळीचा कोन लावताना मी दोनदा पुसलं. तो कोन मला बरोबरच हवा होता. पलीकडे मंडपात माइकवर सूचना सुरू झाल्या. कुणी पेन्शनचं बोललं, कुणी दवाखान्याचं. मग माझं नाव पुकारलं गेलं, हवालदार पंडित रुपचंद महाले. मी दाराबाहेर बसल्या बसल्या पांढरा हात वर करून हलवला, पुढचं नाव घ्या म्हणून. काही लोक हसले. मग मीही हसलो, कारण नेमणुकीमुळे माणसाची संधी कशी जाते हे मी एवढ्या जणांना एक शब्द न बोलता दाखवलं होतं.

सायरन ऐकू आला तेव्हा मी शेवटची रेघ ओढत होतो.

ठरलं असं होतं की पायलटनं रांगोळीच्या अलीकडून डावीकडे वळायचं आणि गाडी रांगोळीसमोर थांबायची. पण आमचे माजी सैनिक, वीस-वीस वर्षं शिस्त शिकलेले, हार आणि फोन घेऊन नेमके डावीकडेच लोटले होते. मी बसल्या जागेवरून ओरडलो, बाजूला व्हा, पण ऐकतो कोण. मयुरी फाटकातून आत आली. पाठ सरळ, नजर समोर, मागे काळी गाडी ठरल्या अंतरावर. डावीकडे माणसं, उजवीकडे मंडपाचे खांब. थांबली असती तर गाडी अंगावर आली असती.

तिनं वेग कमी केला नाही. सरळ माझ्या तोफेवरून आली. नळीच्या टोकापासून मागच्या चाकापर्यंत, मधोमध, आणि पलीकडे जाऊन जिथे उभं राहायचं तिथेच उभी राहिली. गाडी बरोबर जागेवर थांबली. मोटारसायकलच्या मागे जमिनीवर एक पांढरी रेघ उमटली होती, सरळ, माझ्या हातानं ओढल्यासारखी.

जनरलसाहेब उतरले. मी सावधान उभा राहून सॅल्यूट केला. कपाळाला रांगोळी लागली, ती दिवसभर तशीच होती. मयुरीनं माझ्याकडे पाहिलं नाही. पायलटनं पाहायचं नसतंच. मेजर मॅडम मात्र तिच्याकडे पाहत होत्या, आणि बराच वेळ पाहत होत्या.

तिला ठेवतील की नाही हे अजून कळायचंय. चौघांत एक, आणि इतर तिघीही कुणाच्या तरी पोरीच आहेत. त्या क्षणी मला त्यातलं काही आठवत नव्हतं. माझे डोळे भरून आले होते आणि हात रांगोळीचे असल्यामुळे मला ते पुसता येत नव्हते.

कौतिक मोडलेल्या तोफेकडे बघत माझ्याजवळ आला. त्याला माझ्यासाठी खरोखर वाईट वाटत होतं.

“पंडित, तुनी पोरनी बठ्ठी तोफ मोडी टाकी रे.”

“मोडू दे, भो,” मी म्हणालो.